अंकल, थोडा साइड में

रविवारी इंदूरजवळच्या पातालपानी धबधब्याला गेलो. हो, ऐन श्रावणात, सुट्टीच्या दिवशी. अक्कल माझीच कमी, पण पुढचं ऐका.

चोरल नदी दुथडी भरलेली, 300 फूट खाली काळ्या कातळाच्या दरीत धाडधाड कोसळतेय, तुषार पार रेलिंगपर्यंत. उन्हाळ्यात हेच बघायला गेलं तर नुसते खडक. म्हटलं दोन मिनिटं गप्प उभं राहू. तर मागून खांद्यावर टकटक. "अंकल, थोड़ा साइड में, फ्रेम में आ रहे हो."

मी फ्रेममध्ये! अरे, मी छोट्या रेल्वेगाडीतून इथे शाळेच्या सहलीला आलोय, तेव्हा तुझा बाप गोट्या खेळत असेल. आणि अंकल कशावरून? टोपी घातली होती मी!

सरकलो. बेट्याने हात पसरून वळायचं ते अकरा वेळा केलं. मोजलं मी. दर वेळी स्पीकरवर तेच गाणं पहिल्यापासून. बाराव्यांदा वळायच्या आधी सेव-परमलची पिशवी संपली, ती त्याने अलगद दरीत सोडली. अलगद!

आपण इंदूरवाले, 2017 पासून स्वच्छतेत पहिले म्हणून मिरवणारे. कचरागाडीचं गाणं वाजलं की ओला-सुका घेऊन चपला न घालता धावणारे. महू ओलांडलं की दरी म्हणजे आणखी एक डबा का?

तसे इथून घाटातून कालाकुंडला जाणाऱ्या हेरिटेज रेल्वेगाडीतही हेच. कालाकुंडचा कलाकंद खायचा, खोका खिडकीबाहेर. बोगदा आला की किंचाळायचं. चाळिशीचे बाप्येसुद्धा! आणि रेलिंगपलीकडे पाय सोडून बसलेली ती चौकडी? 2011 मध्ये इथेच अचानक लोंढा आला आणि बघता बघता माणसं वाहून गेली, सगळ्या देशाने पाहिलं. वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं, हे सांगायला गेलो तर म्हणे, "कुछ नी होता भिया."

मग मात्र माझा तोल गेला. लाज, संस्कार, आईबाप, सगळं काढलं. धबधब्याच्या वर आवाज लावला. ही बाही ओढतेय, "अहो, पुरे." लोक धबधबा सोडून माझं शूटिंग करायला लागले. हातवारे करता करता टोपीला धक्का लागला, वारा होताच, गेली गिरक्या घेत खाली.

क्षणभर सगळे गप्प. मग तोच पोरगा, अगदी नम्रपणे: "अंकल, कचरा तो आपने भी फेंक दिया."