लॅपटॉप अडकवून ठेवला, या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. 'विंडोजसोबत उबुंटू टाकताना लॅपटॉप बंद पडला, यांनी आठवडाभर अडकवून ठेवला, दुसरा माणूस तासाभरात फॉरमॅट मारून देत होता, वर आमच्याकडेच पासवर्ड मागत बसले आणि बिलही जास्त लावलं,' असं तुम्ही लिहिलंय. (उबुंटू म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सचा एक प्रकार.) टॉवेलचा कारखाना, वीस तारखेचा जीएसटी रिटर्न तोंडावर आणि हिशेबाचं टॅली त्याच मशीनमध्ये, अशा वेळी कोणीही चिडेल. पण काम का लांबलं ते सगळ्यांसमोरच सांगतो, कारण सोलापुरात कॉलेजच्या मुलांचे असे लॅपटॉप आमच्याकडे सारखे येतात.

मशीन आलं तेव्हा चालू केलं की बूट डिव्हाइस सापडत नाही, एवढंच दाखवत होतं. पेनड्राइव्हवरून चालू करून पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, बघितली. विंडोजची मोठी पार्टिशन जागेवर, मागे उबुंटूची अर्धवट, आणि सुरुवातीची शंभर एमबीची ईएफआय पार्टिशन गायब. अर्धवट उबुंटू काढून टाकताना चिरंजीवांकडून तीही उडाली होती. एवढीशी म्हणून ती बिनकामाची वाटते, पण विंडोज सुरू करून देणाऱ्या फायली तिच्यातच असतात. बाकी विंडोज आणि टॅली दोन्ही शाबूत होते.

तुम्ही ज्याला पासवर्ड म्हणताय ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप लॉक होते आणि मालकाला पत्ताही नसतो. गेलेल्या बूट फायली 'बीसीडीबूट' या कमांडने परत बनवता येतात, पण ती कमांड त्या फायली सी ड्राइव्हमधल्या विंडोजमधूनच उचलते, आणि सी ड्राइव्हलाच कुलूप होतं. ही की कुठल्याही दुकानदाराला बनवता येत नाही. पडद्यावर कीच्या आयडीची पहिली आठ अक्षरं दिसतात, ती तुमच्या अकाउंटमधल्या कीशी जुळेनात. शेवटी चिरंजीवांच्या जुन्या अकाउंटमध्ये जुळणारी की निघाली, कारण लॅपटॉप नवा असताना त्यांनीच सुरू करून दिला होता. त्या अकाउंटचा ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जात होता. आठवडा गेला तो मुख्यतः यात. की हातात आल्यावरचं काम मात्र थोडक्या वेळाचंच होतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

फॉरमॅट मारून तासाभरात विंडोज आम्हीही दिलं असतं. पण टॅलीचा बॅकअप दुसरीकडे कुठेच नाही, हे लॅपटॉप दुरुस्तीला घेतानाच तुम्हाला विचारून घेतलं होतं. जुन्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही पुष्कळ फायली परत काढता यायच्या. एसएसडीमध्ये, म्हणजे नव्या लॅपटॉपमधल्या चिपच्या डिस्कमध्ये, ट्रिम नावाच्या सोयीमुळे मोकळी झालेली जागा आतून पुसली जाते, आणि बिटलॉकर असेल तर फॉरमॅटबरोबर आतली किल्लीही जाते. मग हातात ४८ आकडे असूनही काही उघडत नाही. वर्षभराचे हिशेब असे घालवायला आमचा हात धजत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

बिलात जे जास्त दिसतंय ते एसएसडीच्या सेक्टर-टू-सेक्टर कॉपीचे, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या जशाच्या तशा प्रतीचे. दुरुस्तीला हात लावण्याआधी ती काढली, आणि काढण्याआधी फोनवर रक्कम सांगून तुमचा होकार घेतला होता.

एक विनंती, चिरंजीवांना रागावू नका. लिनक्स शिकायची हौस असलेली मुलं मला मनापासून आवडतात. त्यांना वेगळी एसएसडी घेऊन द्या किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच दुसरी सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू टाकू द्या, फक्त कारखान्याच्या मशीनवर नको. आणि ती की कागदावर लिहून बिलांच्या फायलीत ठेवा.

तुमच्या डिस्कची कॉपी अजून आमच्याकडे आहे. टॅलीतल्या सगळ्या कंपन्या उघडून एकदा तपासून घ्या आणि दुकानात या, ती कॉपी तुमच्यासमोरच पुसून टाकतो.