‘ओनर्स रिस्क’ची पाटी, जॉबकार्ड आणि नुकसानीचा हिशेब

जवळजवळ प्रत्येक गॅरेजात एक पाटी असते: ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर ठेवावी. चोरी, आग, नुकसान याला गॅरेज जबाबदार नाही.’ गाडी घेताना गॅरेज कामाची नोंद करतं त्या कागदाच्या, म्हणजे जॉबकार्डाच्या मागेही हाच मजकूर बारीक अक्षरात छापलेला असतो. गाडीचं काही झालं की मालकाला तो दाखवतात आणि मालक गप्प बसतो. गप्प बसायचं काही कारण नाही. त्या पाटीने गॅरेजची जबाबदारी संपत नाही.

दुरुस्तीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं याला १८७२ च्या भारतीय करार कायद्यात निक्षेप म्हणतात. कलम १५१ सांगतं की ताबा घेणाऱ्याने ती वस्तू शहाणा माणूस स्वतःची वस्तू जितकी जपेल तितकी जपायची. कलम १५२ म्हणतं की तेवढी काळजी घेऊनही नुकसान झालं तर तो जबाबदार नाही. काळजी घेतली होती हे दाखवायचं कुणी? ज्याच्या ताब्यात गाडी होती त्याने. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात कर्मचाऱ्याकडे चावी दिलेली मारुती झेन १९९८ साली चोरीला गेली होती. पार्किंगच्या पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असल्या छापील ओळीने हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही, आणि काळजी घेतल्याचा पुरावा हॉटेलनेच द्यायचा. तो निकाल पार्किंगचा आहे, पण निक्षेपाची कलमं गॅरेजलाही तीच लागतात.

मात्र पुराव्याचा भार गॅरेजवर जायला आधी एक गोष्ट तुम्हाला दाखवावी लागते: गाडी दिली तेव्हा ती कशी होती. माझं मत ठाम आहे की या भांडणाचा निकाल गाडी आत जाते त्या दहा मिनिटांत लागतो. गाडीभोवती एक फेरी मारून सलग व्हिडिओ काढा. चारी कोपरे, दारांच्या खालची पट्टी, काच, चाकांच्या रिम. मग इंजिन चालू ठेवून डॅशबोर्ड: किलोमीटर, इंधनाचा काटा, कुठला दिवा पेटतोय, कुठला नाही. शेवटी बॉनेट उघडून तीस सेकंद आवाज. मूळ फाईल फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सअॅपवरून गेलेली प्रत दाबून लहान केलेली असते. जॉबकार्डवर ‘जनरल चेकअप’ असं कुणी लिहिलं तर ते खोडायला लावा. तक्रार काय, काम काय, अंदाजे खर्च किती आणि गाडी कधी मिळणार, चारही गोष्टी लिहून घ्या.

यातली तारीख फार मोलाची आहे, आणि ती कुणी लिहून घेत नाही. कलम १६१ प्रमाणे गॅरेजच्या चुकीने गाडी ठरल्या वेळेत परत मिळाली नाही, तर त्या वेळेपासून पुढे झालेल्या नुकसानीला गॅरेज जबाबदार, मग निष्काळजीपणा असो वा नसो. शनिवारी मिळायची गाडी कारण नसताना बुधवारपर्यंत पडून राहिली आणि मंगळवारी तिच्यावर झाड पडलं, तर ‘झाडाला आम्ही काय करणार’ हे उत्तर चालत नाही. तारीखच लिहिलेली नसेल तर मात्र हे कलम तुमच्या फारसं कामाचं नाही.

आता गॅरेजची बाजू, कारण तीही खरी आहे. कलम १५० मालकावरही बोजा टाकतं: माहीत असलेला, धोका निर्माण करणारा दोष आधी सांगायचा. हँडब्रेक धरत नाही हे माहीत असून सांगितलं नाही आणि गाडी उतारावरून घरंगळून भिंतीला लागली, तर सगळं मिस्त्रीवर ढकलता येणार नाही. जुन्या डिझेल गाडीचा हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करायला आत उष्णता देणारा प्लग) काढताना तुटणं हा नेहमी हलगर्जीपणा नसतो. वर्षानुवर्षांच्या कार्बनने तो इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, घट्ट बसलेला असतो. चांगला मिस्त्री इंजिन गरम करतो, गंज सोडवणारं तेल मारून थांबतो, पान्यावर जोर मोजून देतो. तरीही तुटू शकतो, आणि मग तुकडा काढायला कधीकधी हेड उतरवावं लागतं. इथे माझ्या लेखी प्रश्न एकच: हात लावण्यापूर्वी ‘तुटू शकतो, तुटला तर इतका खर्च’ हे मालकाला सांगून जॉबकार्डवर लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर धोका मालकाने पत्करला. विचारलंच नसेल तर ती सेवेतली त्रुटी.

काही बिघाड मात्र स्वतःच साक्ष देतात. ऑईल बदलल्यावर काही किलोमीटरांत सगळं ऑईल रस्त्यावर आलं, तर पहिला संशय फिल्टरवर. जुन्या फिल्टरचं रबरी वायसर इंजिनला चिकटून राहतं आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. उभ्या गाडीत काही दिसत नाही. दाब वाढला की वायसर बाहेर सरकतं आणि काही मिनिटांत चेंबर (इंजिनाखालची ऑईलची टाकी) रिकामं. फिल्टर काढताना दोन वायसर निघाले की वाद संपला. म्हणून तो फिल्टर त्याच गॅरेजला एकट्याने काढू देऊ नका. समोर उभं राहून व्हिडिओ घ्या आणि फिल्टर पिशवीत घालून स्वतःकडे ठेवा. पण ऑईलचा लाल दिवा पेटल्यावरही तुम्ही गाडी दहा किलोमीटर रेटली असेल, तर बेअरिंग गेल्याचा दोष तुमच्याकडेही येतो. दिवा दिसला की इंजिन बंद, टोचन बोलवा.

ऑईल सोडायच्या, चेंबरच्या नटाचं गणित याहून अवघड आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो ३५ ते ४० न्यूटन-मीटरच्या (आवळण्याच्या जोराचं माप) आसपास आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. लांब पाना लावून अंगाचा जोर दिला की अॅल्युमिनियमचे आटे दर सर्व्हिसला थोडे थोडे ओढले जातात आणि पाचव्या वेळी निघून येतात. शेवटी हात लावणारा सापडतो, पण दोष आधीच्या चौघांचाही असतो. बॅटरी उलटी जोडली तर मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड जळतात, कधी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. त्यात मालकाचा काहीही संबंध नाही.

पुराच्या पाण्यातून आलेल्या गाडीबद्दल विशेष काळजी हवी. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर काढायचं, हा क्रम आहे. गाडी देताना जॉबकार्डवर लिहा: ‘पाणी शिरल्यानंतर इंजिन चालू केलेलं नाही. तपासल्याशिवाय करू नये.’ ही एक ओळ गॅरेजविरुद्धही कामाला येते आणि विमा कंपनीपुढेही.

विम्यावरून आठवलं, आणि इथे मला खरोखर राग येतो. गॅरेजच्या पोराने ट्रायलला नेऊन गाडी ठोकली की मालकाला सांगितलं जातं, ‘इन्शुरन्सला लावू, तुम्हाला एक रुपया पडणार नाही. खांबाला लागली म्हणून सही करा.’ ती सही करू नका. खोटं कारण दिलं म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि फॉर्मवर सही तुमची असते. शिवाय फुकट तर काहीच नाही. समजा तुमच्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता) १२,००० आहे आणि ५० टक्के नो क्लेम बोनसमुळे, म्हणजे दावा न केल्याबद्दलच्या सवलतीमुळे, तुम्ही ६,००० भरता. एक दावा केला की बोनस शून्य. पुढे तो २०, २५, ३५, ४५ टक्के असा चढत ५० वर परत येतो. प्रीमियम तोच धरला तरी या पाच नूतनीकरणांत मिळून १५,००० रुपये जास्त जातात. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्हीच भरायचा हिस्सा, १,००० रुपये, इंजिन १५०० सीसीच्या वर असेल तर २,०००. गॅरेजची चूक आणि खर्च तुमचा. ताब्यातल्या गाड्यांसाठी गॅरेजला ‘मोटर ट्रेड’ नावाची वेगळी पॉलिसी असते; ती घेतली आहे का, हे गाडी देतानाच विचारा.

गॅरेजातून चोरी किंवा आगीसारखं मोठं नुकसान झालं तर स्वतःच्या पॉलिसीवर दावा करायला हरकत नाही, पण कारण खरं सांगा. पैसे दिल्यावर विमा कंपनी तुमच्या जागी उभी राहून गॅरेजकडून वसुली करू शकते. म्हणून कंपनीला न विचारता गॅरेजला ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. तो हक्कच बुडतो आणि कंपनी तुमचा दावा अडवू शकते.

ट्रायलमध्ये तिसऱ्याच माणसाला धडक बसली तर? गोव्यातल्या एका प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की दुरुस्तीला दिलेल्या गाडीने मेकॅनिकच्या हातून इजा झाली, तरी जखमी माणसाला गाडीच्या विमा कंपनीने भरपाई द्यायची. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करायला मागे लागू शकते. त्यामुळे ‘ट्रायल लायसन्सधारकानेच घ्यावी’ हेही लिहून द्या.

नुकसान दिसलं तर गाडी फाटकाबाहेर नेण्याआधी बोला. डिलिव्हरीच्या कागदावर ‘काम समाधानकारक’ असं छापलेलं असतं. ते खोडून नुकसान लिहा, मग सही करा. गॅरेज म्हणेल, बिल भरल्याशिवाय गाडी नाही. कलम १७० ने त्याला नीट आणि वेळेत केलेल्या कामाच्या पैशापुरती गाडी अडवायचा हक्क दिला आहे. जुन्या उधारीसाठी किंवा दुसऱ्या गाडीच्या बिलासाठी नाही. तिथे हुज्जत घालण्यापेक्षा बिलावर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असं लिहून पैसे ऑनलाइन भरा आणि गाडी सोडवा. दुसरीकडे दुरुस्त करण्याआधी परवानाधारक विमा सर्व्हेयरकडून (नुकसान तपासून ठरवणाऱ्याकडून) किंवा दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपकडून कारणासह लेखी अहवाल घ्या आणि बदललेले पार्ट सांभाळून ठेवा. कारण न लिहिता नुसतं ‘इंजिन जॅम’ म्हणणारा अहवाल फारसा उपयोगी पडत नाही.

मग स्पीड पोस्टने आणि ईमेलने पंधरा दिवसांची नोटीस. मागणी मोजून करा: दुरुस्ती, टोचन, पर्यायी गाडीचं भाडं, सगळं पावत्यांसह. लाखभर किलोमीटर चाललेल्या इंजिनाच्या बदल्यात कोऱ्या इंजिनाची पूर्ण किंमत मागितली तर घसाऱ्याचा मुद्दा येणारच. उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. वकील सक्तीचा नाही. फी तुम्ही मोजलेल्या सेवेच्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे. म्हणजे ८,००० च्या सर्व्हिसमध्ये दीड लाखाचं इंजिन गेलं तरी तक्रारीला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची.

रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणाऱ्यांना ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगून परत पाठवतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे. त्यांनी बुडालेल्या दिवसांची कमाईही मागावी, आणि तिच्यासाठी आधीच्या तीन महिन्यांचं अॅपचं स्टेटमेंट, सीएनजीच्या पावत्या आणि बँकेच्या नोंदी तक्रारीला जोडाव्यात.