दहा मिनिटांवरचं गाव

परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोराची यथेच्छ धुलाई झाली. पोरगा परळच्या टॉवरमध्ये वाढलेला आणि गिरणी कामगारांवर रॅप करतो. "गिरणीचा भोंगा तरी ऐकलाय का याने?" मी त्याची बाजू घेतली, तर गाडी माझ्यावर आली. "अमेरिकेत एडिसनला बसून गिरणगावावर बोलू नये." त्याखाली टाळ्यांची रांग.

बरं, मग ब्रूस स्प्रिंगस्टीनचं काय करायचं? आमच्या न्यू जर्सीचा हा रॉक गाणारा बुवा १९४९ चा. पंचाहत्तरी ओलांडली तरी स्टेजवर तीन-तीन तास उभा असतो. कारखाने, टाळं लागलेल्या गिरण्या, बेकार झालेली माणसं, यांवरच आयुष्यभर गायला. २०१७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर जवळजवळ एकट्यानेच कार्यक्रम सुरू केला, तेव्हा सुरुवातीलाच सांगून मोकळा झाला की मी कारखाना आतून कधी पाहिलेला नाही, अंगमेहनत केलेली नाही, आठवड्याला पाच दिवस कामावर जायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आत्ता आलीय. लोक खो-खो हसले. तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत कुणी.

गालिच्यांच्या गिरणीत राबले ते त्याचे वडील, फ्रीहोल्ड गावात. ती गिरणी बंद पडली तेव्हा हा शाळकरी पोर होता. त्यावरचं गाणं आलं १९८४ मध्ये. 'नेब्रास्का' या अल्बमची बहुतेक गाणी त्याने जानेवारी १९८२ च्या सुमारास कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये बसून, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केली. त्यातल्या एकात न्यू जर्सीतल्याच मावाहचा मोटारींचा कारखाना बंद होतो आणि कामावरून गेलेला माणूस दारूच्या नशेत गोळी झाडतो. त्याच महिन्याच्या १८ तारखेला मुंबईत दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण माझ्या डोक्यात ते एकत्रच बसलेत. माझे काका स्पिनिंग खात्यात होते. संपात 'महिनाभर जाऊन येतो' म्हणून गावी गेले, ते तिकडचेच झाले.

ग्रुपवर कुणीतरी नारायण सुर्व्यांचं नाव काढलंच. सुर्वे गिरणीत राबले होते, मान्य. पण प्रत्येकाने आधी सुर्वे होऊन दाखवायचं म्हटलं तर लिहायला उरणार कोण? आणि अट घालणारे तरी कुठे असतात? निम्मे ठाण्याला, निम्मे कल्याणला. लालबागला जातात गणपतीत, तेही रांग कमी असेल तर.

इथे अमेरिकेत गायकाकडे असा रहिवासाचा दाखला कुणी मागत नाही, असं मी ठणकावून लिहिलं. (२०२२ मध्ये स्प्रिंगस्टीनच्याच तिकिटांचे भाव काही हजार डॉलरवर गेले, तेव्हा 'म्हणे कामगारांचा गायक!' म्हणून लोकांनी त्याची सालटी काढली होती. ते मी ग्रुपवर घातलं नाही.)

पण त्याच ब्रॉडवेच्या कार्यक्रमातलं दुसरं एक वाक्य मला नडतं. गाव सोडा, रस्ता धरा, असं जगाला सांगणारा हा माणूस हसत हसत म्हणतो की मी आज राहतो ते माझ्या गावापासून दहा मिनिटांवर. म्हणजे पळून जायची गाणी गाणारा घराजवळच राहिला. आणि आम्ही? 'दोन वर्षांत परत' असं म्हणत आलेलो. एडिसनचा फोर्डचा कारखाना २००४ साली बंद पडला, तिथे आता दुकानं आहेत. रविवारी आमचं दूध-अंडी तिथूनच येतं. परळचा मॉल पाहून गहिवरणारा मी, या पार्किंगमध्ये मात्र रिकामी जागा तेवढी शोधतो.

१९९० मध्ये स्प्रिंगस्टीनने स्टेजवरून सांगितलं होतं की तो रात्री-अपरात्री गाडी काढून आपल्या जुन्या घरांवरून चकरा मारायचा. मनाच्या डॉक्टरने सांगितलं, तिथे काहीतरी बिघडलेलं होतं, ते दुरुस्त करायला तू जातोस, पण ते आता होणार नाही. रूट नाइन मोकळा असेल तर मीही पाऊण तासात फ्रीहोल्डला पोचतो. लालबागला जातो ते गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर, मुलं झोपल्यावर. भारतमाता टॉकीजपासून सुरू करतो, पुलाच्या खांबांमधून सरकत आमच्या वळणापर्यंत येतो. पुढे बाण उमटतच नाही, कॅमेऱ्याची गाडी गल्लीत शिरलेलीच नाही. बाजूच्या रस्त्याचं नाव आठवेना म्हणून गेल्या आठवड्यात डोंबिवलीला आईला फोन लावला.

"ते नाव बदललं रे केव्हाच," ती म्हणाली. "तुला कशाला हवंय आता?"