"वरून अजून एक कोट मारा, झाकलं जातं" – नाही हो, जात नाही झाकलं

जुन्या फर्निचरबद्दलचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेल. सल्ला थोडक्यात असा: कपाट घासत बसू नका, खोबरेल तेल आणि व्हिनेगरने पुसा, वर थेट ऑइल पेंट मारा, घट्ट वाटला तर रॉकेल घाला आणि सुरकुत्या, डाग, पांढरटपणा काहीही आलं तर वरून वॉर्निशचा अजून एक कोट द्या. माझ्या मावशीने चिपळूणला जूनमध्ये सागवानी कपाटावर हे सगळं जसंच्या तसं केलं आणि नंतर ते कपाट आम्ही दोघींनी चार दिवस बसून खरवडलं, म्हणून एवढं लिहितेय.

आधी तेल. खोबरेल तेल वाळतच नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याचा पापुद्रा धरतो, म्हणून वॉर्निशमध्ये ते पूर्वीपासून वापरतात. खोबरेल मात्र लाकडाच्या रेषांमध्ये ओलंच बसून राहतं आणि वरच्या रंगाला पकड मिळत नाही. मावशीच्या कपाटाचा रंग तीन आठवड्यांनीसुद्धा नखाने सालीसारखा निघत होता. तुम्ही लावून बसला असाल तर टर्पेंटाइनने पुसून काढा, पण दर वेळी कोरं फडकं घ्या, तेच फिरवलं तर तेल नुसतं पसरतं. (जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका प्लीज, ती आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.)

घासायची गरज नाही म्हणतात, कारण घासणं म्हणजे जुनं पॉलिश पार लाकडापर्यंत उतरवणं असं लोकांना वाटतं. एवढं करायचंच नसतं. जुनं पॉलिश घट्ट धरून असेल तर १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवायचा, चमक गेली की थांबायचं, धूळ पुसायची, झालं. पण पॉलिशऐवजी जुना ऑइल पेंट असेल तर जपून, कारण घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), पाणी, चांगला मास्क, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला त्या दिवशी दुसरीकडेच पाठवा.

रॉकेल नको. सावकाश उडतं, रंग चिकट राहतो, चमक मरते. डब्यावर लिहिलेलं थिनर आणा.

आता तो अजून एक कोट. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, कारण प्रत्येक डागाचं कारण खाली असतं आणि तुम्ही ते वरून बंद करून टाकता. पावसाळ्यात लॅकर (थिनर उडून झटपट वाळणारं पारदर्शक पॉलिश) किंवा स्पिरिट पॉलिश (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) मारलं की थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पांढरट धुकं येतं, त्यावर अजून कोट म्हणजे ओल आतच कोंडली. कोरड्या दिवसाची वाट बघा, लॅकर असेल तर रिटार्डर थिनरचा, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा, हलका हात द्या. सुरकुत्या आल्या तर खालचा कोट कच्चा होता किंवा वरच्या थिनरने त्याला सोडवलं, तेवढा भाग खरवडल्याशिवाय दुसरा मार्ग नाही. रंग गोल गोल फाटून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले तर बहुतेक वेळा पूर्वी मारलेल्या फर्निचर स्प्रेमधलं सिलिकॉन असतं. आणि सागवानावर पांढरा रंग पिवळा पडतो तो लाकडातला रंग वर झिरपतो म्हणून, पांढऱ्याचे पाच हात दिले तरी तो येतोच येतो, मध्ये चपडा लाखेचा एक सीलर कोट लागतो. वर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारणार असाल तर मेण काढलेला चपडाच मागा, मेणावर पीयू नीट धरत नाही.

म्हणून रंगाचा डबा उघडायच्या आधी दाराच्या आतल्या बाजूला, कुठे दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरा. चिकट झालं तर लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे. नाही झालं तर एनसी थिनरने (लॅकरचं थिनर) बघा, विरघळलं तर बहुधा लॅकर. दोन्हीने ढिम्म हललं नाही तर पीयूसारखं काहीतरी आहे, ते नीट खरखरीत केल्याशिवाय त्यावर काहीच मारू नका.

मावशीच्या कपाटावर फ्रेंच पॉलिश निघालं, आजोबांच्या वेळचं, खाली लाकूड अजून मधासारखं आहे. तिने पांढऱ्या रंगाचा विचारच सोडलाय. भेगा-खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरून झालीय, लाखेचा पहिला हात पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये देणार आहोत.