मोठ्या मायची हळद आणि तुमची कॅप्सूल

दादा, हळदीच्या कॅप्सूलवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मोठ्या मायने नव्वदीपर्यंत 'हयद' खाल्ली, तिला कधी वेळकाळ लागला नाही. हळद अनशापोटीच घ्यायची असते. आणि 'कॅप्सूल दुपारच्या जेवणातच घ्या' असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतोय, असं तुमचं म्हणणं.

'दुपारच्या' ही माझी चूक. रात्रीच्या जेवणातही चालतं, पोस्ट दुरुस्त केलीय. 'जेवणात' हे मात्र मागे घेत नाही.

मोठी माय हळद अनशापोटी कुठे खायची? ती पडायची कढईत, शेंगदाण्याच्या तेलात मोहरी तडतडली की. हळदीतला मुख्य घटक, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. खिचडीवर आपण कच्चं तेल घेतो, बट्टी कुस्करून वर तुपाची धार सोडतो, कॅप्सूलची वेळ तीच. सकाळी सहाला कोऱ्या चहासोबत गिळली तर बरीचशी न शोषता निघून जाते. मी महिनाभर तशीच घेतली होती. पदरात पडली ती छातीतली जळजळ.

आता हिशोब. दिवसभरात अर्धा चमचा हळद पोटात गेली तर ती साधारण दीड ग्रॅम. त्यात कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. तुमच्या बाटलीवर ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के अर्क असं छापलं असेल तर एका कॅप्सूलमध्ये ४७५. दहापट! खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवलीय. ६० किलोच्या माणसाला १८०. म्हणून मोठ्या मायचा दाखला डब्यातल्या हळदीला लागू, बाटलीला नाही.

त्यात मिरीचा अर्क असेल तर गोष्ट आणखी वेगळी. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन (मिरीतला तिखट घटक) दिलं, तर रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन वीसपट वाढलं. जाहिराती इथेच थांबतात. पिपेरिन हे करतं ते यकृताचं निचऱ्याचं काम मंदावून, आणि मग फिटच्या फेनिटॉइनसारखी औषधंही रक्तात जास्त साचतात.

माझी भुसावळची मावशी हृदयाची झडप बदललेली, रोज वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेते. गुडघ्यांसाठी कुणीतरी हळदीची कॅप्सूल सुचवली. तीन आठवड्यांनी दात घासताना बेसिन लाल. रक्त तपासलं तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, पाचाच्या वर, फारच जास्त. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही सुरू केलंय का? मावशी म्हणाली, 'नाही हो, काही नाही.' हळद तिच्या लेखी औषध नव्हतीच. बाटली पिशवीतून माझ्या मामेबहिणीने काढून दाखवली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद.

आणि शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, 'पित्ताशयात खडे आहेत, तरी दोन महिने घेतोय, काही झालं नाही.' दादा, कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं. आत खडा असेल तर तो सरकून नळीत अडकू शकतो. बाकी वाद आपण नंतर घालू. आजची कॅप्सूल घेऊ नका, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट, बाटली दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर उद्यावर ढकलू नका.