स्तोत्र म्हणू दे, थेरपी थांबवू नका

'संस्कृत मंत्रपठणाने स्वमग्नता (ऑटिझम) बरी होते' असं एका लेखात ठोकून दिलंय, आणि पुरावा काय, तर मेंदूसंशोधक जेम्स हार्टझेल यांचा अभ्यास. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ वेदपाठी पंडितांचे आणि तेवढ्याच इतरांचे एमआरआय काढून तुलना केली होती. पंडितांच्या मेंदूतला करडा भाग (ग्रे मॅटर) काही ठिकाणी जास्त दाट दिसला, स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्येही. मान्य. पण ही मंडळी लहानपणापासून वर्षानुवर्षं तासन्‌तास पाठांतर केलेली! फरक संस्कृतमुळे, पाठांतरामुळे, की मुळात दांडग्या स्मरणशक्तीचाच मुलगा पाठशाळेत टिकतो म्हणून? एकदाच काढलेल्या एमआरआयवरून ते ठरत नाही. आणि तो अभ्यास स्वमग्न मुलांवर नव्हताच.

माझा भाचा स्वमग्न आहे. गोव्यातल्या फोंड्याच्या घरी चतुर्थीला घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती रंगली, कासाळं (मोठी झांज) वाजू लागलं, की तो कान दाबून मागच्या खोलीत पळतो. तेच आजी हळू आवाजात स्तोत्र म्हणते तेव्हा बाजूला येऊन बसतो, ओळीचा शेवटचा शब्द तिच्यासोबत म्हणतो. म्हणू दे की, कोण नको म्हणतंय! पण ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं हे अशा बऱ्याच मुलांत असतंच. तहान लागल्यावर 'पाणी' मागायला तो शिकला स्पीच थेरपीत, तेही सावकाश.

म्हणून लेखकमहाशय, 'इतर उपचारांची गरज उरत नाही' हे शेवटचं वाक्य तेवढं काढा. वाचून कुणी आईबाप खरंच थेरपी बंद करतील.