अर्ज लिहिणाऱ्यांची थट्टा थांबवा

‘मवाळ’ हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. इंग्रजांपुढे अर्ज करत बसलेली भित्री माणसं, एवढंच त्यांचं चित्र. मला हे फार लागतं, कारण या देशात ‘आपण’ म्हणायला लोक शिकले ते त्या अर्जांतूनच, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याची सार्वजनिक सभा घ्या. स्थापना 2 एप्रिल 1870. निमित्त काय, तर पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांची तक्रार. पण सभासद व्हायची अट बघा: किमान 50 माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीला सुमारे 6000 लोकांनी मिळून 95 प्रतिनिधी निवडले. मतदान म्हणजे काय हे कुणी पाहिलेलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. राजा नाही, सरदार नाही, आणि तरी एक माणूस उभा राहून म्हणतो, मी या पन्नासांच्या वतीने बोलतोय! राष्ट्र म्हणतात ते मला इथे दिसतं. 1875 मध्ये याच सभेने हिंदुस्थानचे प्रतिनिधी थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये घ्या, असा अर्ज पाठवला. काँग्रेस जन्मायला अजून दहा वर्षं होती.

सभेमागचा माणूस गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका. 1872 मध्ये खादीची शपथ घेतली आणि 1877 च्या दिल्ली दरबारात, सगळे संस्थानिक जरीत मढलेले असताना, हे हातच्या सुताच्या कपड्यात गेले. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत काकांना एखाद-दुसरी ओळ मिळते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि हे अर्ज सरकारला टोचत नव्हते असं कोण म्हणतं? 1896-97 च्या दुष्काळात, टिळकांच्या पुढाकाराने, सभेची माणसं गावोगाव फिरली. पीक बुडालं असेल तर शेतसारा माफ मागायचा तुमचा हक्क आहे, कायद्यातच तसं आहे, हे शेतकऱ्याला समजावून सांगितलं. बस, एवढंच. 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

अजून एक. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. त्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारचा रोष अंगावर ओढवून घेणं. ते घेतलं कुणी? अर्ज लिहिणाऱ्या सार्वजनिक काकांनी. पुढच्याच वर्षी काका गेले.